तुम्ही विचारलंत म्हणून: सोळा-शून्य सोडून मी 2024 बद्दलच का बोलतो

जानेवारी 2026 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघानं मायामी विद्यापीठाला 27-21 असं हरवलं आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. 2025 च्या अख्ख्या सीझनमध्ये 16 सामने, 16 विजय. तेव्हापासून भारतातून फोन आला, घरी कुणी जेवायला आलं, की मला हमखास एक प्रश्न येतो: "एवढं अजिंक्यपद मिळालं, तरी तुम्ही त्याआधीच्या, 2024 च्या, हरून संपलेल्या सीझनचंच कौतुक करता. असं का?"

उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून लिहितो आहे.

मी ब्लूमिंगटनला, या विद्यापीठाच्या गावी, आलो 2006 च्या ऑगस्टमध्ये. हे गाव बास्केटबॉलचं. असेंब्ली हॉल या बास्केटबॉलच्या सभागृहात पाच राष्ट्रीय विजेतेपदांचे झेंडे टांगलेले आहेत, आणि त्याच्या शेजारीच फुटबॉलचं मेमोरियल स्टेडियम आहे. फुटबॉल म्हणजे इथे अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. शेजारच्या एका आजोबांनी मला पहिल्यांदा सामन्याला नेलं. ते 1967 साली याच विद्यापीठात शिकत होते. त्या वर्षीचा संघ रोझ बोल या सीझनअखेरच्या मानाच्या सामन्यापर्यंत पोचला होता, आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी त्या आठवणीवर काढली होती. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा, एवढं त्यांनी मला समजावलं. कोल्हापुरात लहानपणी कबड्डी खेळलेल्या माणसाला बाकीचं आपोआप उमगतं. एकेका पावलासाठी अंगानं अंग रेटणं काय असतं, ते आम्हाला ठाऊक असतं.

पण संघ हरायचा. पहिल्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त पराभव पदरी असलेला संघ म्हणून इंडियानाचं नाव होतं. आकडा सातशेच्या वर. सामन्याआधी बाहेरच्या गवतावर शेगड्या पेटायच्या, मांस भाजलं जायचं, आणि सामना सुरू झाला तरी कितीतरी मुलं आत यायचीच नाहीत. आजोबा स्वतः सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्या भागातच गाडीची किल्ली हातात घ्यायचे. ट्रॅफिकच्या आधी निघू या, म्हणायचे. रागानं नाही, वर्षानुवर्षांची सवय.

मधे मधे आशा यायची. कोच टेरी हेपनर यांनी मैदानाच्या उत्तर टोकाला इथल्याच चुनखडीचा एक मोठा दगड आणून ठेवला होता. मैदानात उतरताना खेळाडू त्याला हात लावतात. हेपनर 2007 च्या जूनमध्ये मेंदूच्या कर्करोगानं गेले. त्याच वर्षी त्यांच्या खेळाडूंनी पर्ड्यूला, याच राज्यातल्या आमच्या जुन्या प्रतिस्पर्धी विद्यापीठाला, 27-24 असं हरवलं, शेवटी 49 यार्डांवरून मारलेल्या किकवर, आणि संघ 14 वर्षांनी बोल सामन्यात, म्हणजे चांगल्या संघांनाच मिळणाऱ्या सीझनअखेरच्या खास सामन्यात, पोचला. त्या दिवशी मी पहिल्यांदा या संघाला "आपला" म्हणालो. पुढे 2020 मध्ये 6-2, म्हणजे सहा विजय, दोन पराभव, असा देखणा सीझन झाला, पण कोविडमुळे तो आम्हाला घरी बसून पाहावा लागला. मग 2-10, 4-8, 3-9. तीन वर्षांत मिळून नऊ विजय.

अशा जागी 2023 च्या शेवटी कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले. पत्रकारांनी विचारलं, खेळाडूंना तुम्ही काय सांगून आणता? ते म्हणाले, "मी जिंकतो. गूगल करून बघा." व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून तेरा खेळाडू त्यांच्याबरोबर आले. बहुतेकांकडे मोठ्या विद्यापीठांनी आधी ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, कर्टिस रूर्क मूळचा कॅनडाचा. सीझनआधीच्या सरावात त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता आणि तो तसाच अख्खा सीझन खेळला, हे आम्हाला सगळं संपल्यावर कळलं. ऑक्टोबरमध्ये अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो एकच सामना बाहेर बसला. पत्रकारांनी सीझनआधी बिग टेन या आमच्या लीगच्या 18 संघांत इंडियानाला 17 वा नंबर दिला होता.

वेस्टर्न इलिनॉय 77-3. यूसीएलए 42-13. नेब्रास्का 56-7. दर आठवड्याला माणसं म्हणत, अजून खरा संघ समोर आलेला नाही. मलाही तसंच वाटे. इतक्या वर्षांनी आनंदावर विश्वास ठेवायला वेळ लागतो.

मग 9 नोव्हेंबरला मिशिगन आलं. आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता. मध्यंतरापर्यंत आम्ही आरामात पुढे होतो, आणि मग आमचं आक्रमण जागच्या जागी थांबलं. मिशिगननं 17-15 पर्यंत गाठत आणलं. बरोबरीसाठीचा त्यांचा दोन गुणांचा प्रयत्न बचावफळीनं हाणून पाडला. तेव्हा मी शेजारी पाहिलं. आजोबांच्या हातात सवयीनं किल्ली आलेली होती. त्यांनी ती कोटाच्या खिशात टाकली, वरून चेन लावली आणि टोपी सारखी करून बसले. आजूबाजूला एकही जागा रिकामी झालेली नव्हती. 20-15. दहा सामने, दहा विजय. विद्यापीठाच्या इतिहासात एका सीझनमध्ये नऊच्या वर कधी मजल गेलेली नव्हती.

मला 2024 आठवतं ते त्या खिशातल्या किल्लीसाठी. 2025 मध्ये आम्ही जिंकायलाच जात होतो. 2024 मध्ये शेवटपर्यंत बसून राहायला शिकलो, आणि माझ्या मते ते जास्त कठीण होतं.

हो, पुढे हरलो. ओहायो स्टेटनं 38-15 असं हरवलं. त्यानंतर पर्ड्यूवर 66-0 असा विजय मिळाला, तो आजोबांना रोझ बोलपेक्षा गोड लागला. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफ या बाद फेरीचं ते पहिलंच वर्ष, आणि त्याचा पहिला सामना 20 डिसेंबरला साउथ बेंडमध्ये, नोत्र दामविरुद्ध. लोक म्हणाले, इंडियानाची तिथं लायकीच नव्हती. याचा मला आजही राग येतो. आम्हाला हरवलेले ओहायो स्टेट आणि नोत्र दाम हेच दोन संघ पुढे अंतिम सामन्यात एकमेकांसमोर उभे राहिले. अख्ख्या वर्षात तिसऱ्या कुणाला आम्हाला हरवणं जमलं नाही.

नोत्र दामविरुद्धचा तो सामना आम्ही आजोबांच्या घरी टीव्हीवर पाहिला. त्यांच्या जेरेमाया लव्हनं सुरुवातीलाच 98 यार्ड धावत टचडाउन केला, म्हणजे चेंडू आमच्या शेवटच्या रेषेपार नेला, आणि खोलीत कुणी बोलेना. दीडेक मिनिट उरलं असताना 27-3. रिमोट आजोबांच्या मांडीवर होता; त्यांनी टीव्ही बंद केला नाही. त्या एवढ्याशा वेळात आमच्या मुलांनी दोन टचडाउन केले. 27-17. निकाल बदलण्याची शक्यता नव्हती, तरी ती पळत होती.

खेळ संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "पुढच्या वर्षी पहिली मॅच कुणाशी?" मी फोनवर पाहिलं: 30 ऑगस्ट, ओल्ड डोमिनियन, घरच्या मैदानावर. नवं कॅलेंडर अजून घरात आलेलं नव्हतं. त्यांनी भिंतीवरचं जुनं काढलं, डिसेंबरचं पान उलटलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं तारीख लिहून ठेवली.