केसपेपरवरचं ‘नाही’

सोमवार

दवाखान्यात केसपेपर भरताना एक प्रश्न ठरलेला असतो. ‘विडी-सिगारेट ओढता का?’ समोरचा ताठ बसून सांगतो, ‘नाही, सोडली.’ लिहिणारा ‘नाही’ लिहितो आणि ‘सोडली’ हवेतच राहतं. उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. पंचवीस वर्षं धूर ओढलेला आणि जन्मात काडी न पेटवलेला, दोघं त्या एका शब्दाने एकाच रांगेत येतात. पुढे वीस वर्षं कुणी पुन्हा विचारत नाही.

विचारायचं ते किती ओढली आणि कधी सोडली. रोजच्या सिगारेटी भागिले 20, गुणिले वर्षं. येईल त्या आकड्याला डॉक्टर पॅक-इयर म्हणतात. घोळ होतो तो पाकिटात. हे माप 20 च्या पाकिटाचं, आणि आपल्याकडे पानपट्टीवर 10 ची पाकिटंही चालतात, सुटीही मिळते. ‘रोज एक पाकीट’ एवढ्यावर लिहिलं की आकडा दुप्पट होऊ शकतो. नग विचारावेत.

हिशेबापुरता एक माणूस धरतो. 1990 मध्ये विसाव्या वर्षी सुरुवात, रोज 10 ची दोन पाकिटं, 2016 मध्ये बंद. म्हणजे 26 पॅक-इयर. हाच पुढे आठवडाभर वापरतो.

विडीवाले या हिशेबातून निसटतात. विडीत तंबाखू सिगारेटच्या पाव भागाइतकी, म्हणून ती ‘हलकी’ समजली जाते. पण तेंदूच्या पानाची विडी जरा थांबलं की विझते, सारखे झुरके घ्यावे लागतात, आणि निकोटिन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड काही कमी जात नाही. म्हणून आपल्याकडचे छातीचे डॉक्टर दुसरं सोपं माप वापरतात: रोजचे नग गुणिले वर्षं, 300 च्या वर गेलं की भारी. रोज 25 विड्या तीस वर्षं म्हणजे 750.

मंगळवार

‘सोडली तर खोकला उलट वाढला’ ही तक्रार खरी असते, आणि पुन्हा पेटवायला तेवढं निमित्त पुरतं. श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. ते सतत हलून कफ वर ढकलतात. धुराने ते लुळे पडतात, झडतात. धूर थांबला की काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला बेडका वर येऊ लागतो. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तर दर चार-सहा तासांनी निम्मा होत जातो, एक-दोन दिवसांत हिशेब संपतो.

वायुकोशांचं, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांचं, मात्र तसं नाही. त्यांच्या पातळ भिंती एकदा विरल्या की पुन्हा उभ्या राहत नाहीत. दोन शेजारच्या खोल्यांमधली भिंत पडली तर जागा मोठी दिसते, पण भिंतीवरचं सामान गेलेलं असतं. इथे ते सामान म्हणजे प्राणवायू रक्तात घेणाऱ्या केशवाहिन्या. याला एम्फिसिमा म्हणतात.

तेव्हा सोडल्यानंतरचा खोकला दोन-तीन महिने चालवून घ्यावा. त्यापुढे टिकला, किंवा थांबून परत आला, किंवा त्याची जात बदलली, तर एसीवर आणि पावसाळ्यावर ढकलू नये. बेडक्यात रक्ताची एक रेघ दिसली तर एवढंही थांबायचं नाही.

बुधवार

आज फक्त फुंकायच्या तपासणीबद्दल, स्पायरोमेट्रीबद्दल. इतकी स्वस्त, इतकी कामाची आणि इतकी बिघडवून केली जाणारी तपासणी दुसरी माहीत नाही.

तयारी फार नाही. आधी पोटभर जेवू नये, पट्टा सैल ठेवावा, घट्ट बसलेली कवळी काढू नये. काढली की ओठ नळीभोवती नीट मिटत नाहीत. श्वासनळ्या मोकळ्या करणारा साल्ब्युटामॉलचा पंप चालू असेल तर तो आधी चार ते सहा तास घ्यायचा नाही. पाय जमिनीला टेकवून ताठ बसायचं, नाकाला चिमटा. छाती काठोकाठ भरून श्वास घ्यायचा आणि न घुटमळता, पहिल्याच झटक्यात सगळा जोर लावून सोडायचा. मग तो जोर सरल्यावरही, आता काही उरलंच नाही असं वाटलं तरी, निदान सहा सेकंद ढकलत राहायचं.

गोम त्या शेवटच्या भागात आहे. यंत्र दोन आकडे मोजतं: पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. पंपाचे चार झुरके, म्हणजे 400 मायक्रोग्रॅम, देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकल्यावरही हा भागाकार 0.70 च्या खाली राहिला तर नळ्या कायमच्या अरुंद आहेत. आता तिसऱ्या सेकंदालाच माणूस थांबला तर ‘एकूण’ कमी भरतं, भाजक लहान होतो, भागाकार मोठा दिसतो आणि कागदावर ‘नॉर्मल’ छापून येतं. आजार जागेवरच, फक्त लपला. म्हणून एका फुंकरीवर विश्वास ठेवू नये. नीट जमलेल्या तीन हव्यात, आणि पहिल्या सेकंदाच्या सर्वांत चांगल्या दोन आकड्यांत 150 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. अहवालावर आलेख असतो तो बघावा. सुरुवातीला टोकदार शिखर आणि शेवटी हळूच टेकणारी रेघ हवी. कड्यावरून पडल्यासारखी तुटलेली रेघ म्हणजे मध्येच थांबलेली फुंकर.

अहवाल खरोखर नॉर्मल आला तरी एम्फिसिमा नाहीच असं होत नाही. जिना चढताना दम लागतो आणि फुंकणं ठीक, अशा वेळी डीएलसीओ ही वायू रक्तात किती शिरतो ते मोजणारी तपासणी विचारावी.

सोडून मिळतं काय, त्याचे आकडे अमेरिका आणि कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’ने दिले. अकरा वर्षांचा पाठपुरावा. नळ्या अरुंद होण्याचा सौम्य आजार असलेल्या पुरुषांत, जे ओढत राहिले त्यांची पहिल्या सेकंदाची हवा वर्षाला सरासरी 66 मिलिलिटरने घटली, ज्यांनी कायमची सोडली त्यांची 30 ने. 30 ही वयाने होणारीच घट. वीस वर्षं धरली तर 1320 विरुद्ध 600. पण आपल्या माणसाचं 2016 पर्यंत जे गेलं ते या 600 च्या आधीच वजा झालेलं असतं. म्हणून सोडून दहा वर्षांनी साठीच्या आसपास धाप लागायला लागली तर ‘आता कशी काय?’ याचं उत्तर असं की गळती थांबली तरी टाकी आधीच अर्धी होती, आणि वय आपलं रोजचं घेतच राहिलं.

गुरुवार

दोन छोट्या गोष्टी, दोन्ही सोडल्यानंतर लगेचच्या.

धुरातल्या डांबराने यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं. ते दम्यावरचं थिओफिलिन, मानसिक आजारांवरची ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं आणि चहा-कॉफीतलं कॅफीन भराभर संपवतं. सिगारेट थांबली की आठवडाभरात ते शांत होतं आणि गोळी तीच असून रक्तातली मात्रा चढते. मळमळ, हात कापणं, छातीत धडधड. सगळे म्हणतात, तलफ आहे, होईल कमी. छातीच्या आजारात थिओफिलिनच्या गोळ्या आपल्याकडे भरपूर दिल्या जातात, त्यामुळे सोडायचा दिवस ठरला की गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावं. निकोटिनच्या पट्टीने हे टळत नाही, कारण एन्झाइम चालवणारं निकोटिन नव्हेच.

दुसरं हिरड्यांचं. धुराने हिरड्यांतलं रक्त कमी वाहतं आणि सूज झाकली जाते. सोडल्यावर ब्रश करताना रक्त दिसू लागतं. आजार जुनाच, आता दिसायला लागला.

शुक्रवार

कॅन्सर. सोडल्यावर दहा वर्षांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मात्र ही तुलना ओढत राहणाऱ्याशी आहे. न ओढणाऱ्याशी लावली तर चित्र वेगळं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासाचे 2018 मधले आकडे 21 पॅक-इयरच्या वरच्यांचे आहेत: सोडल्यावर पाच वर्षांतच धोका 39 टक्क्यांनी उतरला, पण पंचवीस वर्षांनंतरही तो कधीच न ओढणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त होता. आपला 26 पॅक-इयरवाला यातच बसतो. घाबरवायला हे लिहीत नाही. न ओढणाऱ्याचा मूळ धोकाच लहान असतो, त्याची तिप्पट. पण ‘दहा वर्षं झाली, आता मी स्वच्छ’ हे खरं नाही, एवढं.

कारणही तसंच. 2016 मध्ये निघालेला हिशेब असा की रोज 20 सिगारेटींनी फुफ्फुसाच्या एकेका पेशीत वर्षाला सरासरी 150 जनुकीय बदल साचतात. सोडल्यावर नवे बदल थांबतात, निरोगी राहिलेल्या पेशी हळूहळू जागा घेतात, पण बिघडलेल्या काही तिथेच असतात.

तपासणी म्हणजे कमी मात्रेचा सीटी स्कॅन. इंजेक्शन नाही, हात डोक्यावर, एक श्वास रोखायचा, काही सेकंदांत झालं. छातीचा साधा एक्स-रे त्याच्या जागी चालत नाही. अमेरिकेत 53 हजारांवर लोकांची तुलना झाली, 2011 मध्ये निकाल आला: सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू एक्स-रेच्या गटापेक्षा 20 टक्क्यांनी कमी. हा स्कॅन कुणी करावा याचा तिथला 2021 चा नियम म्हणजे वय 50 ते 80, किमान 20 पॅक-इयर, आणि सोडून पंधरा वर्षं झालेली नसावीत. आपला माणूस 2031 पर्यंत त्यात बसतो. या पंधरा वर्षांच्या अटीला मला फार अर्थ वाटत नाही. धोका कॅलेंडर बघून संपत नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने 2023 मध्ये ती अट काढूनही टाकली.

आपल्याकडे अडचण वेगळी. त्या अमेरिकी अभ्यासातच संशयास्पद निघालेल्या दर शंभर स्कॅनपैकी 96 कॅन्सर नव्हते. आणि आपल्या फुफ्फुसात जुन्या टीबीचे डाग घरोघरी. म्हणून स्कॅनला जाताना जुने एक्स-रे, टीबीच्या उपचाराचे कागद बरोबर न्यावेत. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये गाठ तेवढीच असेल तर सुई खुपसण्याची वेळ बहुधा येत नाही. उलटही घडतं: नवी गाठ दिसते आणि तपासणीशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू होतात. बेडक्याची तपासणी किंवा बायोप्सी नसताना सहा महिन्यांचा कोर्स पत्करू नये.

शनिवार

धूर छातीपुरता राहत नाही, हे मूत्राशयाइतकं दुसरं काही पटवून देत नाही. धुरातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयात तासन् तास साठून राहतात. मूत्राशयाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमागे धूम्रपान आहे. खूण एकच, आणि फसवी: लघवीत रक्त, दुखत मात्र नाही. दोन दिवस दिसतं, मग आपोआप थांबतं. मधल्या वेळात कुणी अँटिबायोटिक दिलेलं असतं, श्रेय त्याला जातं. चार महिन्यांनी पुन्हा. पहिल्याच वेळी मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावं, थांबलं असलं तरी.

पायांचं तसंच. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा, उभं राहिलं की पाचेक मिनिटांत मोकळं. याला वात म्हणतात, सायटिका म्हणतात, तेल चोळतात. मणक्याच्या दुखण्यात नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर उभं राहणं पुरतं. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, 0.9 किंवा त्याखाली आला की निदान जवळजवळ पक्कं.

आणि पासष्टीनंतर पुरुषांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करताना महाधमनीचा, म्हणजे पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीचा, व्यास मोजून मागावा. 3 सेंटिमीटरपासून फुगवटा म्हणतात, साडेपाचला शस्त्रक्रियेचा विचार होतो. फुटेपर्यंत तो बहुतेकदा काही बोलत नाही.

रविवार

आज एकच, घरी करायचं. दोन्ही हातांची तर्जनी शेवटच्या पेरातून वाकवून नखाला नख लावून धरायची. नखांच्या मुळाशी बर्फीच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. फट बुजली असेल, नखं पोपटाच्या चोचीसारखी गोल झाली असतील, तर छातीचा फोटो लांबवू नये.

तसंच खांद्याचं. खांदा महिनोन् महिने दुखतोय, कळ हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत जातेय, व्यायामाने फरक नाही, तर ‘फ्रोजन शोल्डर’वर थांबू नये. फुफ्फुसाच्या टोकाची गाठ अशी दुखते. आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर घशाच्या डॉक्टरांकडे.

सिगारेट सोडून मिश्री किंवा तंबाखू-चुना धरला असेल तर तेही लिहावं. तोंड पूर्ण उघडतं का, म्हणजे तीन बोटं उभी जातात का, तेही बघावं.

आणि केसपेपरवर, त्या ‘नाही’च्या जागी, स्वतः सांगून असं लिहून घ्यावं:

‘सिगारेट रोज 20, 1990 ते 2016, 26 पॅक-इयर. विडी नाही. तंबाखू-चुना नाही. स्पायरोमेट्री पंपाआधी व पंपानंतर, तारीख. जुना टीबी: नाही / होय, साल. फ्लूची लस यंदाची, न्यूमोकोकल लस, तारीख. सीटी, तारीख. लघवीत रक्त: कधी नाही.’