वाळूत उमटलेले जीव

स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि लगेच ठरलं: मला शिकवणाऱ्या सरांनी लावलेल्या दगडांच्या वेडाबद्दल लिहायचं.

भूशास्त्र शिकताना मी सर्वांत जास्त रमलो ते दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स पर्वतरांगेच्या वालुकाश्मात. उथळ समुद्रात साचलेली ही वाळू सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीची. तिच्यात उमटलेल्या जीवांना ना शिंपला, ना हाड, ना दात. असे मऊ जीव एरवी कुजून नाहीसे होतात. इथे मात्र समुद्रतळावर सूक्ष्मजीवांचा चिवट थर पसरला होता. वादळाने वाळू आणून टाकली, जीव गाडले गेले आणि ते पुरते कुजायच्या आत वरची वाळू घट्ट होऊ लागली. त्यामुळे ठसे बहुधा शिळेच्या खालच्या अंगाला असतात. शिळा उलटवावीच लागते.

ॲडलेडच्या संग्रहालयात मी यांतल्याच एका जीवाचा, डिकिन्सोनियाचा, ठसा पाहिला. लंबगोल, मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना बारीक पट्ट्या. समोरून पाहिलं तर नुसता खडबडीत दगड. बाजूने उजेड पडला की एकेक पट्टी वर येते. हा जीव काही मिलिमीटरपासून मीटरभरापर्यंत वाढायचा. 2018 मध्ये रशियातल्या पांढऱ्या समुद्राकाठच्या नमुन्यांत कोलेस्टेरॉल या प्राण्यांच्या शरीरात आढळणाऱ्या स्निग्ध पदार्थाचा अंश सापडला आणि तो प्राणीच असावा, या मताला बळ आलं.

तिरप्या उजेडाची ही सवय सरांची. हातातला दगड ते खिडकीशी नेत, उन्हात हळूहळू फिरवत आणि काय दिसतंय एवढंच विचारत. नाव अगदी शेवटी सांगत.

1946 मध्ये फ्लिंडर्स रांगेजवळच्या एडियाकरा टेकड्यांतल्या जुन्या खाणी तपासताना भूशास्त्रज्ञ रेग स्प्रिग यांना हे ठसे दिसले. सुरुवातीला फारशी दाद मिळाली नाही. 2004 मध्ये मात्र पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडालाच या टेकड्यांचं नाव दिलं गेलं. मला याचं फार अप्रूप आहे.

इंग्लंडमधल्या चार्नवुडची हकिगत तर प्रत्येक शिक्षकाने वाचावी. 1956 मध्ये टीना नेगस या शाळकरी मुलीला तिथल्या खडकावर नेच्याच्या पानासारखा ठसा दिसला. इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतात, असं तिला शाळेत सांगण्यात आलं. पुढच्याच वर्षी तो ठसा रॉजर मेसन या शाळकरी मुलाने पाहिला, तज्ज्ञांपर्यंत पोहोचवला आणि 1958 मध्ये त्याचं नाव पडलं चार्निया मेसोनी. त्या ठशाबद्दल टीनाने आमच्या सरांना सांगितलं असतं, तर ते चष्मा पुसत तिच्याबरोबर बघायला निघाले असते.