टॉवेलची बढती

सोलापूरच्या घरात टॉवेल कुणी टाकून देत नाही. त्याची नुसती पायरी उतरत जाते. नवा असतो तेव्हा पाहुण्यांसाठी कपाटात. मग घरच्यांच्या अंगाला. कडेची शिवण उसवली की ओट्याजवळच्या खिळ्यावर, तिथून मोरीच्या दाराशी, मग गाडी पुसायला, आणि शेवटी पोतेरं. पोतेऱ्याच्या पुढे काही पद नाही असा सगळ्यांचा समज असतो. पण पोतेरं व्हायच्या जरा आधीचा, म्हणजे विरलेला पण अजून भोकं न पडलेला जो टॉवेल असतो, त्याची कुंडी फार देखणी होते. अंगणातली, दगडासारखी दिसणारी, चुण्याचुण्यांची कुंडी.

कच्च्या मालाची इथे वानवा नाही. 1877 साली या गावात पहिली सूतगिरणी सुरू झाली. गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले, पण पूर्व भागात शिरलं की यंत्रमागांची खडखड अजून ऐकू येते. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. लग्नात आहेर म्हणून चादर, सत्कारात टॉवेल-टोपी, परगावच्या नातेवाइकाला जाताना पुन्हा चादरच. प्रत्येक घरात निदान एक कपाट असं असतं, की जे उघडताना आधी हात आडवा धरावा लागतो.

कुंडीला टेरी टॉवेलच का, हे मागावर पाहिलं की कळतं. या टॉवेलला उभ्या धाग्यांचे दोन बीम, म्हणजे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. एक ताठ ताणलेला, दुसरा सैल सोडलेला. आडवे तीन धागे झाले की फणी ते एकदम ठोकते आणि त्या ठोक्यासरशी सैल धागा वर उसळून त्याची कडी तयार होते. अंग पुसताना या कड्या पाणी पितात, कुंडी करताना सिमेंट पितात. गुळगुळीत बेडशीटवरून तेच सिमेंट घसरून खाली थेंब थेंब पडत राहतं. टॉवेल सुतीच हवा. शंका असेल तर कडेचा एक धागा जाळून पाहावा: कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख आली तर सूत, टोकाला काळा कडक मणी धरला तर पॉलिस्टर. स्वयंपाकघरात राबलेला टॉवेल असेल तर धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात आधी उकळून काढावा. तेलकट कड्या काहीच पीत नाहीत.

अंगाचा टॉवेल साधारण 30 इंच रुंद आणि 60 इंच लांब असतो. तो आहे तसा वापरला तर दोन बाजूंना शेपट्या लोंबतात. मधून कापून दोन चौकोन केले की दोन कुंड्या होतात. 30 इंचांच्या एका चौकोनाला 3 किलो सिमेंट आणि सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं. हार्डवेअरच्या दुकानात सुटं सिमेंट मिळतं, पण घेताना हात घालून बघावं. ताज्या सिमेंटमध्ये हात गार लागतो आणि गुठळी असलीच तर बोटांत विरते. पावसाळाभर उघड्या राहिलेल्या पोत्यातल्या गुठळ्या फुटता फुटत नाहीत. ते सिमेंट गेलेलं असतं. पांढरं सिमेंट महाग पडतं, ते हवंच असेल तर शेवटच्या लेपाच्या हातापुरतं.

साचा म्हणजे उलटी घातलेली 16-18 लिटरची बादली. ती चार विटांवर ठेवावी, म्हणजे टॉवेलची चार टोकं जमिनीला न टेकता मोकळी लोंबतील. हीच टोकं पुढे कुंडी सुलटी केल्यावर पाकळ्यांसारखी वर येतात. बादलीवर प्लॅस्टिकची पिशवी नीट चढवायची. हा भाग कंटाळ्यानं गाळला तर बादली आणि कुंडी यांचा जन्मभराचा संसार होतो.

घमेल्यात आधी पाणी, मग त्यात मुठीमुठीनं सिमेंट. उलट केलं तर तळाशी कोरडी ढेकळं राहतात. हात आधी रबरी मोज्यात घालावेत, कारण ओलं सिमेंट कातडी खातं, आणि ते लगेच नाही, संध्याकाळी कळतं. कालवण धिरड्याच्या पिठापेक्षा किंचित दाट हवं. मोज्याचं बोट बुडवून वर काढल्यावर बोटाचा रंग दिसता कामा नये आणि थेंब मात्र सावकाश पडला पाहिजे. टॉवेल पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्यायचा, मगच कालवणात बुडवायचा. कोरडा टाकला तर तो सिमेंटातलं पाणी ओढून घेतो आणि वर नुसता गाळ बसतो. घमेल्यात तो कणीक मळल्यासारखा दाबत राहायचं. घड्यांच्या आत पांढरी सुकी जागा राहिली की कुंडी नेमकी तिथे चिरते.

मग दोघांनी चार टोकं धरून टॉवेल बादलीवर सोडायचा. बादलीच्या बुडावर मधोमध बसला आहे ना, हे तेव्हाच पाहावं. वरचा सपाट भाग थापीनं सारखा करावा, कारण तोच उद्याचा तळ; तो वाकडा राहिला तर कुंडी आयुष्यभर डुगडुगते. चुण्या बोटांनी उभ्या करायच्या, पण फार सारख्या करायला जाऊ नये. मापून घातलेल्या चुण्या शाळेच्या गणवेशाच्या स्कर्टसारख्या दिसतात. हे सगळं अर्ध्या तासात उरकावं, त्यानंतर कालवण जमायला लागतं. दुसऱ्या दिवशी, 24 तासांनी, बुडात स्क्रू ड्रायव्हरनं फिरवत फिरवत बोटभर भोक पाडून घ्यायचं. ठोकायचं नाही.

इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. बिघडतं ते पुढे, आणि सोलापुरात हमखास बिघडतं. लोकांना वाटतं, ऊन कडक आहे तर लवकर वाळेल. पण वाळणं आणि जमणं ही दोन वेगळी कामं आहेत. सिमेंट पाणी पिऊन दगड होतं, पाणी गमावून होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा 40 च्या वर असतो. दुपारी अंगणात ठेवलेल्या कुंडीतलं पाणी सिमेंटाच्या आधी सूर्यच पितो. संध्याकाळी कुंडी दिसायला टणक असते, पण बोटानं घासलं की पीठ येतं. ते पीठ पुढे कितीही पाणी मारलं तरी परत दगड होत नाही. म्हणून हे काम एकतर दिवाळीनंतर शिवरात्रीपर्यंत करावं, नाहीतर उन्हाळ्यात संध्याकाळी पाचनंतर, सावलीत. साच्यावरून काढल्यावर अंग ओलं करून दुसरा हात द्यायचा: 1 किलो सिमेंट, 1 किलो चाळलेली बारीक रेती, ब्रशनं आतून-बाहेरून. कोरड्या अंगावर दिलेला हात पापुद्र्यासारखा सुटतो. त्यानंतर गोणपाट गुंडाळून सात दिवस ते ओलं ठेवायचं. थंडीत दिवसातून तीनदा पाणी मारलं तरी पुरतं, मेमध्ये पाचदाही कमीच.

नळ रोज न येणाऱ्या गावात हे सांगताना जीभ अडखळते. पण भांडी विसळलेलं शेवटचं पाणी किंवा तांदळाच्या धुवणाचं पाणी गोणपाटाला चालतं, त्यासाठी पिंप उपसायला नको.

एवढ्यावर रोप लावलं तर ते पंधरा दिवसांत पिवळं पडतं आणि दोष नर्सरीवाल्याला जातो. नव्या सिमेंटातून चुना सुटत असतो. बुडाचं भोक बुचानं बंद करून कुंडी पाण्यानं भरून ठेवायची, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, असं दोन आठवडे. ते पाणी झाडांना घालू नये. फरशी धुवायला किंवा पुढच्या कुंडीच्या गोणपाटाला घालावं. आणि कुंडीत नुसती आपली काळी माती भरू नये. शेतात ज्वारीला ती सोन्यासारखी, पण कुंडीत ओली झाली की फुगते आणि वाळली की कडेपासून सुटून तिची वीट होते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. एक भाग काळी माती, एक भाग जाड रेती, एक भाग शेणखत हे प्रमाण बरं. अ‍ॅडेनियम लावायचं असेल तर रेती दोन भाग. अ‍ॅडेनियम, कोरफड, सदाफुली ही या कुंडीत आणि या उन्हात खुशीत राहणारी मंडळी. जास्वंदीला मोठी कुंडी द्यावी, तिला इथे दाटी होते.

चादरीचं प्रकरण जरा वेगळं. सोलापुरी चादर मरत नाही, मधोमध विरते; कडा मात्र तशाच दणकट राहतात. मधला भाग सोडून कडांच्या दीड इंची पट्ट्या काढल्या तर वेणीचं पायपुसणं होतं. पट्ट्या फाडू नयेत, कात्रीनं कापाव्यात. जॅकार्डच्या नक्षीत धागे मागच्या बाजूनं लांब लांब सुटे धावत असतात, फाडताना ते सगळे एकदम उसवतात. तीन पट्ट्यांची वेणी घालायची. वेणीत लांबी घटते, म्हणून पट्ट्या हव्या त्याच्या दीडपट घ्याव्यात.

लंबगोल पायपुसण्याचं एक साधं गणित आहे आणि ते माहीत नसल्यामुळे अर्धी पायपुसणी गोल होऊन बसतात. मधली सरळ वेणी लांबी वजा रुंदी एवढी ठेवायची. 27 बाय 18 इंचांचं हवं असेल तर 9 इंच. तिच्याभोवती वेणी फिरवत दाभणानं, गोधडीच्या दुहेरी दोऱ्यानं टाके घालत जायचं. ही शिवण फरशीवर ठेवूनच करायची. मांडीवर घेतलं की मांडीचा आकार पायपुसण्याला येतो. वळणावर वेणी ओढून शिवली तर कडा वर उचलल्या जातात आणि हळूहळू टोपली तयार होते. सैल सोडली तर कडेला पापडासारख्या लाटा येतात. वळणावर बाहेरची वेणी जरा ढकलून, टाके जवळजवळ घ्यावेत. टोपली झालीच तर उसवण्याला पर्याय नाही. इस्त्रीनं ती दोन दिवस बसते, तिसऱ्या दिवशी पुन्हा उठते.

लाल आणि गडद निळ्या पट्ट्या ओल्या करून पांढऱ्या फडक्यात दाबून आधी पाहाव्यात. रंग जाणाऱ्या चादरीला मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला घरोघरी मिळतो. मीठ रंगाऱ्याच्या हौदात उपयोगी पडतं, रंग धाग्यात शिरताना. एकदा सुटणारा रंग मीठ धरून ठेवत नाही. अशी पट्टी रंग जायचा थांबेपर्यंत वेगळी धुवावी, किंवा सरळ अंगणातल्या दारासाठी ठेवावी.

उरलेल्या सुताच्या कोनांवरचे गुंडाळे वजनावर मिळतात. "काकू, निवडू नका, सगळं मिळून किलोनं घ्या की" हा त्या व्यवहाराचा सूर. निवडायलाच जायचं असतं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. त्याचे गोंडे करून तीन फुटी दाराला तोरण करायचं तर 9 किंवा 11 गोंडे पुरतात. चार बोटांभोवती 100 वेढे, मधोमध गाठ, मग दोन्हीकडून कात्री. गाठ त्याच सुतानं मारली तर आवळताना तुटते किंवा सैल राहून महिन्याभरात गोंडा झडायला लागतो. तिथे नायलॉनचा दोरा हवा. पश्चिमेच्या दाराला गडद रंग लावू नयेत. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, लावलेलं तोरण पाडव्यापर्यंत विटून जातं.

परसात मात्र सजावटीनं कामाच्या आड येऊ नये, आणि हे मडक्याच्या बाबतीत सर्रास होतं. तीन ते पाच लिटरचं बिनझिलईचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्यानं भरलं, वर झाकणी ठेवली, की भोवतीच्या वांग्या-मिरचीच्या मुळांना पाणी पाझरत राहतं आणि वरच्या मातीतून ऊन ते वाया घालवत नाही. सोलापूरसाठी याहून शहाणी वस्तू नाही. पण पुरण्याआधी लोक त्याला ऑइल पेंट देतात, वर पांढरी वारली काढतात. पेंटनं छिद्रं बुजली की मडकं म्हणजे जमिनीतली नुसती बरणी. नक्षी फक्त गळ्यावर काढावी, जमिनीच्या वर दिसतो तेवढ्या चार बोटांवर. बोअरचं जड पाणी वापरलं तर वर्षा-दोन वर्षांत क्षार बसूनही पाझर मंदावतो. तेव्हा उपसून व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवावं आणि काथ्यानं घासावं.

कुंडी करून झाल्यावर घमेल्याच्या तळाशी नेहमी मूठ-दोन मुठी कालवण उरतं आणि टॉवेलची कडेची एखादी चिंधीही असतेच. ती चिंधी त्यात बुडवून उलट्या ताटलीवर पसरावी, चिमण्यांना पाणी ठेवायची वाटी होते. सात दिवस ओली, दोन आठवडे पाण्यात, सगळे सोपस्कार कुंडीचेच. दोन इंचांपेक्षा खोल करू नये आणि आतून दुसरा हात देऊन गुळगुळीतही करू नये. स्टीलच्या ताटलीच्या काठावरून चिमण्यांचे पाय घसरतात. टेरीच्या खरबरीत काठावर त्या निवांत बसतात, आणि मार्च उजाडला की सावलीतल्या भिंतीवर ठेवलेली ती वाटी सकाळी नऊच्या आत रिकामी झालेली असते.