एका बोंडाची दोन बोंडं

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, कापूस वेचणीचे दिवस, तेव्हा अमळनेरला ओपीडीत गर्दी कमीच असते कारण सगळे शेतात. एक मावशी आल्या, डाव्या डोळ्यावर पदर दाबून धरलेला. पंधरा दिवसांपासून डोळ्याच्या मागे ठणका, एका ठिकाणी अर्धशिशी म्हणून गोळ्या घेऊन झालेल्या. "डॉक्टर भाऊ, माले एकना दोन बोंडे दिखतस." वेचायला हात घातला की तिथे बोंड नसायचंच.

पदर बाजूला केला तर पापणी अर्धी खाली, डोळा बाहेरच्या बाजूला कललेला, वर आणि आत वळतच नव्हता. कापसाचं बारीक टोक करून कपाळावर फिरवलं, उजवीकडे लगेच "हा" म्हणाल्या, डावीकडे गप्प. जन्म कापसात गेलेली बाई आणि तिच्या कपाळाला कापूस कळत नाहीये, मला कसंतरीच झालं.

खरं सांगतो, पहिल्यांदा म्युकरच, म्हणजे काळी बुरशी, डोक्यात आलं. 2021 मध्ये डोळे काढावे लागलेले पेशंट बघितलेत, ती भीती जात नाही. शुगर नॉर्मल निघाली, कान-नाक-घसावाल्या मॅडमनी नाकात दुर्बीण घालून बघितलं, काळं काही नाही. जळगावला कॉन्ट्रास्टचा एमआरआय केला तर डोळ्यामागे कॅव्हर्नस सायनसमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीच्या एका पोकळीत, सूज, डोळा हलवणाऱ्या नसा तिथूनच जातात आणि कपाळाची पण. टोलोसा-हंट सिंड्रोम, म्हणजे तिथे दुसरं काही कारण न सापडता येणारी सूज. 1954 साली टोलोसा नावाच्या डॉक्टरांनी पहिली केस लिहिली, आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलेलं, समोर पेशंट पहिल्यांदाच. उपाय स्टिरॉइड, पण आत बुरशी किंवा टीबी लपलेला असला तर तेच स्टिरॉइड घात करणार. न्यूरोच्या सरांना दोनदा फोन केला, मग सुरू केलं, तरी त्या रात्री झोप नाही.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन, आई रात्रभर झोपली, ठणका गेला! मी खुर्चीत नुसता बसून राहिलो. तरी लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, तोसुद्धा स्टिरॉइडने तात्पुरता दबतो, म्हणून लगेच निर्धास्त होता येत नाही.

पापणी वर यायला दीड महिना लागला. परवा परत कापसाचं टोक लावलं, डोळे मिटून म्हणाल्या, "आते समजस भाऊ." वर बघताना अजून दोन दिसतात. गोळ्या बंद करू का विचारत होत्या, म्हटलं एकदम सोडायच्या नाहीत मावशी, हळूहळू कमी करू, पुढच्या महिन्यात परत एमआरआय, आणि हे दुखणं उलटतं, म्हणून ठणका लागला की वेचणी टाकून त्याच दिवशी यायचं.