पेन्सिलचा गोल

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) माझं इलेक्ट्रिक फिटिंगचं छोटं काम आहे, सहा माणसं. मागल्या वर्षी एका सरकारी इमारतीच्या वायरिंगचं पोटकंत्राट मिळालं. जीएसटी, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), कंत्राटदाराचं लायसन सगळं होतं. दर ठरला, करार झाला. पण पोटकंत्राटदार लावायला सरकारी खात्याची लेखी मंजुरी लागते, तिथे अडलं.

ओळखीचे म्हणाले, कशाला हवी, काम करा, पैसे घ्या. ऐकू नका. मंजुरी नसेल तर खात्याच्या लेखी आपण साइटवर नाहीच. मग उद्या स्वतः टेंडर भरायचं तर अनुभवाचा दाखला कुठल्या तोंडाने मागणार?

मुख्य कंत्राटदाराने अर्ज दिला आणि माझे सात आठवडे त्या कचेरीत गेले. दर सोमवारी दांडिया बाजारातून स्कूटर काढायची, बाकावर बसायचं आणि ऐकायचं, "काका, काले आवजो", उद्या या. साहेब साइटवर, साहेब रजेवर, फाइल वर गेलीय. इकडे भिंती उभ्या राहिल्या, वायरिंगचे पाइप टाकायचे थांबले, कंत्राटदाराचा रोज फोन. सहाव्या आठवड्यात मी आवक नंबर सांगून म्हटलं, फाइल माझ्यासमोर उघडा. (अर्जाच्या प्रतीवर आवक नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.) उघडली. उद्यमच्या कागदावर माझ्या फर्मच्या नावाशेवटी पेन्सिलचा गोल. लायसनवर 'इलेक्ट्रिकल्स', उद्यमवर 'इलेक्ट्रिकल'. एका एस अक्षरासाठी! गोलाखाली तारीख होती, अर्जानंतर चौथ्या दिवसाची. म्हणजे पहिल्या आठवड्यापासून चूक त्यांना दिसत होती आणि मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

दुरुस्ती त्याच रात्री घरी बसून, ओटीपी टाकून, फुकट झाली. उद्यमची नोंदणीही फुकटच असते, एजंटला पैसे देऊ नका. पुढच्या सोमवारी मंजुरीचं पत्र हातात पडलं. जिना उतरताना मी ते दोनदा वाचलं.

हो, पाइप भिंतीत गेले की मोजायला काही उरत नाही. प्लास्टरच्या आधी इंजिनिअरला बोलावून माप एमबीत, म्हणजे खात्याच्या मापवहीत, चढवून घ्याच. माझा धंदा एकट्या मालकीचा, म्हणून बिलातून १ टक्का टीडीएस कापला गेला. तो रिटर्नमध्ये दाखवायला विसरू नका.

परवा दुसऱ्या कामाचे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. बायको एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती, मी खूण करत होतो.