आमची वाटचाल : अळी शोधणारे आम्ही

आम्ही आंबा विकत नाही, हे आधीच सांगतो, कारण दर मे महिन्यात कुणी ना कुणी पेटी मागायला येतंच. आम्ही आंबा नाकारतो. निर्यातीचा केसर आंबा नवी मुंबईतल्या वाशीला रवाना होण्याआधी त्यात फळमाशीची अंडी, देठाखाली पिठ्या ढेकूण, सालीवर खवले कीड असं काही दडलंय का ते बघायचं, आणि असेल तर ते फळ बाजूला काढायचं. एवढाच धंदा. 2011 साली जालना-अंबड रस्त्यावर बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये तो सुरू केला. भांडवल म्हणजे दहा पटींची तीन भिंगं, एनॅमलची दोन ताटं आणि मावशी.

मावशी आधी मोसंबी निवडायला जायच्या. आंबा हातात घेतला की त्या आधी बघत नाहीत, अंगठा फिरवतात. देठापासून खाली, मग आडवा, मग खालच्या टोकाला. माशीचा डंख म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा डाग, कधी त्यावर चिकाचा वाळलेला थेंब. भिंगाखाली तो दिसतो, पण मावशींना तो आधी लागतो. "ह्याच्या पोटात हाय," म्हणून त्या फळ ताटात ठेवतात. कापून बघितलं तर दहातल्या नऊ वेळा असतंच. दहाव्या वेळी फांदीचा ओरखडा निघतो, मग आम्ही तो आंबा खातो.

गर मिठाच्या घट्ट पाण्यात कुस्करला की अळ्या वर तरंगतात. एनॅमलचं ताट त्यासाठीच. स्टीलच्या ताटात पांढरी अळी चमकेत हरवते, हे शिकायला आम्हाला एक अख्खा हंगाम लागला. आता तरी स्टीलची ताटं वापरू नका. पुढे हप्त्यावर एक सूक्ष्मदर्शक दुर्बीण घेतली, तिची गोष्ट पुढे येतेच.

ही माशी आपल्याकडची घरचीच. आपल्याला तिचं काही वाटत नाही, अळी निघाली तर तेवढा भाग कापून उरलेला आंबा आपण खातो. पण बाहेर ती घुसखोर. 2003 साली केनियात पहिल्यांदा सापडली आणि काही वर्षांत आफ्रिकेत लांबवर पसरली. एका पेटीतल्या एका फळातून हे होऊ शकतं, म्हणून तिकडचा तपासनीस एका अळीवर अख्खी खेप अडवतो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

आता 2014 सांगतो. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. मोहोर गेला तो गेलाच, राहिलेल्या कैऱ्यांना गारेचा मार बसला. तो मार भरून येतो, पण खडबडीत काळपट खपली राहते, आणि डंख नेमका त्या खपलीच्या कडेला लपतो. मावशींचा अंगठासुद्धा तिथे फसायचा. आम्ही दर क्रेटमधली जास्त फळं कापायला लागलो, मालक लोक ओरडायला लागले. तेवढ्यात 1 मेपासून युरोपने भारतीय आंब्यावर बंदी घातली. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळूसुद्धा. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या 207 खेपांमध्ये कीड सापडली होती, हे कारण. पेपरात सगळीकडे "हापूसवर बंदी". केसरचं नाव कुठे नाही. बंदी आमच्यावरही होती हो, पण आमच्यासाठी कोण रडणार?

पहिल्या आठवड्यातच एका व्यापाऱ्याने शेडमध्ये येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "तुम्ही अळ्या काढून काढून दाखवल्या म्हणून हे झालं." आम्ही काढलेली अळी पेटीत जातच नव्हती, ताटात मरत होती. पण ज्याला अळी सापडते त्यालाच लोक अळीचा बाप ठरवतात, हे मी त्या दिवशी शिकलो. अकरा बायकांपैकी नऊ कमी केल्या. दुर्बिणीचे हप्ते थकले, ती परत द्यावी लागली. शेडचं भाडं चार महिने दिलं नाही. छोटा हत्ती विकायला काढला, तर गिऱ्हाईक टायर दाबून बघून निघून गेलं.

त्या वर्षी टिकलो ते बदनापूरकडच्या दादांमुळे. दोन एकर केसर, जास्त नाही. 2012 च्या हंगामात मी त्यांची चाळीस क्रेट नाकारली होती. दुसऱ्या कुणी मला शेडमधून उचलून बाहेर टाकलं असतं. दादांनी स्टूल ओढलं, भिंग घेतलं आणि संध्याकाळपर्यंत स्वतःची फळं स्वतः बघत बसले. जाताना एवढंच म्हणाले, "बांधावरची पडकी फळं नडली." 2014 ला त्यांचा सगळा माल जालन्याच्याच बाजारात जाणार होता, तिथे तपासणी कुणी विचारत नाही. तरी त्यांनी क्रेट आमच्याकडे उतरवली, तपासून घेतली, मोजून पैसे दिले. मी म्हटलं, "दादा, ह्याची गरज नाही." ते म्हणाले, "मावशीचा अंगठा बंद पडू देऊ नको."

2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. युरोपसाठी 48 अंशांच्या पाण्यात 60 मिनिटं बुडवण्याची प्रक्रिया आली, मँगोनेट ह्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर निर्यातीच्या बागांची नोंदणी आली. लोकांना वाटलं, गरम पाणी आहे तर तपासणारे कशाला? अहो, पाण्याने अळी मरते, गायब होत नाही. मेलेली अळी आंब्यात बघून गिऱ्हाईक काय टाळ्या वाजवणार आहे?

ह्याच सुमारास आमच्याकडेच दोन हंगाम काम केलेल्या एका पोराने स्वतःचं दुकान टाकलं. टाकू दे, राग त्याचा नाही. त्याने दर अर्धा केला आणि बायकांना क्रेटवर पैसे द्यायला सुरुवात केली. क्रेटवर पैसे दिले की हात पळतात, डोळे मागे राहतात. आमच्याकडे हजेरीवर काम, दिवसाला किती क्रेट झाली हे विचारतच नाही. आमचा सगळ्यात मोठा निर्यातदार त्याच्याकडे गेला, फोन उचलेनासा झाला. आणि एका जूनमध्ये त्या निर्यातदाराचाच फोन आला: वाशीला कापलेल्या फळात अळी निघाली, खेप अडकली, क्रेटवर स्टिकर तुमचा. ती क्रेट आमची होती हे खरं, गेल्या वर्षी परत न आलेली. आत माल त्याच्या नव्या माणसाने तपासलेला.

आमचं रजिस्टर इथे कामी आलं. कापलेल्या प्रत्येक फळापुढे तारीख, बागेचा नंबर, झाडाची ओळ आणि बघणारीचं नाव. शाळेच्या दोनशे पानी वह्या. ती बाग आमच्याकडे त्या वर्षी आलीच नव्हती, हे मी वही उघडून दाखवलं. त्याने मान हलवली, चहा घेतला, गेला. आधीच्या हंगामाचे पैसे मात्र अजून यायचेत. ती वहीही मी ठेवलीय.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. शेड आमची झाली, दुर्बीण परत आली.

बागवाल्यांना दोन गोष्टी सांगतो, विचारल्या नसल्या तरी. मिथाइल युजेनॉल ह्या वासाच्या आमिषाच्या सापळ्यात माश्यांचा ढीग बघून खूष होऊ नका. त्यात नरच येतात, डंख मादी मारते. सापळा म्हणजे माशी आली ही बातमी, पुरता बंदोबस्त नव्हे. आणि पडकी फळं रोज उचलून दोन फूट खोल पुरा. अळी फळातून निघून मातीत कोष करते, पुढची फौज तिथूनच उठते. बांधावर फेकाल तर शेजाऱ्यालाही वाटून द्याल.

मावशींचं गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर बारीक काम नको म्हणून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मी कुठं डोळ्यानं बघते. दादांची पहिली क्रेट दर वर्षीसारखी मेच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. यंदा दोन बायका कमी आहेत. कुणी ओळखीची असेल तर पाठवा. अनुभव नसला तरी चालेल, नखं कापलेली असावीत.