चार वर्षांच्या पायांनी रामटेक

रामटेकचा गड मोठ्या माणसाच्या लेखी अर्ध्या तासाचं काम. सोबत चार वर्षांचं पोट्टं असलं की हिशेब फिरतो. त्याची उंची जेमतेम मीटरभर, गुडघा जमिनीपासून फूटभरही नाही. सात-आठ इंचांची साधी पायरी म्हणजे त्याच्यासाठी पाय जवळजवळ गुडघ्यापर्यंत उचलणं. आपल्याला कुणी फूट-फूटभर उंचीच्या पायऱ्या चढायला लावल्या, तर आपणही तिसऱ्या वळणावर बसकण मारून 'अजून किती दूर?' विचारलं असतं.

म्हणून अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, लेकराच्या वेळेत मोजावं. सपाटीवर तासाला दोन किलोमीटर झाले तरी भरपूर, चढावर त्याच्या निम्मं. त्यात मुंगळ्यांची रांग, वाळकी शेंग आणि प्रत्येक दगड उचलून बघणं आलंच. 'चल लवकर' म्हणण्यात दम घालवू नये, ते ऐकू जात नाही. मुलाला वर पोचायचं नसतंच. माथ्याचं वेड आपलं. जोर संपायच्या आधी परतायचं, कारण उतरायला तितकेच पाय लागतात. रामटेकला त्यावर सोपा तोडगा आहे. गडावर गाडीरस्ता जातो. एकाने गाडी वर न्यावी, बाकीच्यांनी पायथ्याच्या अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढावं आणि सगळ्यांनी गाडीने खाली यावं. यात कमीपणा वाटणाऱ्यांनी झोपलेलं पंधरा किलोंचं लेकरू खांद्यावर घेऊन उतरून पाहावं.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेचे दिवस मात्र टाळावेत; गर्दीत मुलाच्या डोळ्यांसमोर फक्त लोकांचे गुडघे असतात. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर. सातच्या आत निघालं तर साडेआठला पहिली पायरी, साडेअकराला सावलीत डबा. सकाळी कडाक्याची थंडी आणि अकराला चटका, त्यामुळे एक जाड स्वेटर देण्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक द्यावेत. उतरवलेले कपडे वाहायचे कुणी, हे घरीच ठरवून निघावं.

चढताना मोठ्याने मागे राहावं, उतरताना एक पायरी खाली, तोंड मुलाकडे. हात धरावा, पण हाताला धरून वर ओढू किंवा झुलवू नये. पाच वर्षांखालच्या मुलाचं कोपराचं हाड अशा एका हिसक्यानेही जागचं सरकतं. मूल रडतं आणि हात हलवायचं बंद करतं. तसं झालं तर घरी खटपट न करता डॉक्टर गाठायचा. उचलायचं तर बगलेत दोन्ही हात घालून. बूट वापरातले हवेत, नवेकोरे नकोत, आणि पायाची नखं आदल्या रात्री कापलेली. उतारावर अंगठा पुढे आदळतो, म्हणून बुटाच्या टोकाला बोटभर जागा असावी.

पाणी प्रत्येक मुलामागे अर्धा ते पाऊण लिटर, आणि तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन घोट. खायला दशम्या, गूळपोळी, तिळाची चिक्की. चार वर्षांखालच्यांना फुटाणे, शेंगदाणे देऊ नयेत. चालता-चालता तर मुळीच नाही, श्वासात अडकतात. संत्री खालीच सोलून फोडी डब्यात भराव्यात. पायऱ्यांवरच्या माकडांना पिशवीत खाऊ असतो हे चांगलं माहीत आहे, म्हणून हातात पिशवी नको. माकड आलंच तर मुलाने रिकामे तळवे दाखवायचे, दात काढून हसायचं नाही, आणि खाऊ ओढला तर सोडून द्यायचा. हा सराव घरी करून घ्यावा. मुलांना तोच भाग फार आवडतो.

वराह दरवाजाशी दगडी वराहाच्या खालून सरपटत जायची रीत आहे. पापी माणूस अडकतो म्हणे. मुलं सुळकन पार होतात आणि मग बाबांकडे बघत उभी राहतात.

पायऱ्या सोडून झुडपात शिरू देऊ नये, कारण याच दिवसांत खाजकुइरीच्या शेंगा पिकतात. त्यांची सोनेरी लव अंगाला लागली की मूल बेभान खाजवतं आणि ती आणखी पसरते. चोळू नये. चिकटपट्टी लावून अलगद उपटावी, कपडे बदलावेत. चिकटपट्टीचं एक रीळ म्हणूनच पाठपिशवीत हवं.

कुसळं मात्र चुकत नाहीत. टोकाशी मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे शेपटीकडून ओढलं की कुसळ अडतं. टोकाकडून पुढे काढलं की सुटतं. ओल लागली की शेपटीचा पीळ उलगडतो, कुसळ फिरतं आणि आणखी आत शिरतं. म्हणून मोजे मशीनमध्ये टाकण्याआधी कोरडे असतानाच निवडावेत, नाहीतर पुढचा आठवडाभर बाबांच्या बनियनमध्ये गड टोचत राहतो.